दार उघडं असताना

तळोज्याच्या ज्या कारखान्यात मी मेन्टेनन्सला होते, तिथं प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या गोण्या भरल्या जायच्या. पट्ट्यावरून आलेली गोण उचलून लाकडी पॅलेटवर रचायचं काम एक रोबो करायचा. रोबो म्हणजे माणसासारखा दिसणारा वगैरे नव्हे. जमिनीत बोल्टनं पक्का केलेला, माझ्या दुप्पट उंचीचा पिवळा हात. त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा, आणि पिंजऱ्याला एकच दार. ते दार उघडलं की त्याच्या मोटरींची वीज तुटायची. आमचा जीव त्या एका गोष्टीवर अवलंबून होता, पण रोज उठून असं कुणी मनात आणत नाही.

त्या आठवड्यात रोबो मध्येच थांबायला लागला. पडद्यावर यायचं, सेफ्टी सर्किट तुटलंय. या सर्किटच्या दोन तारा जोडीनं जातात. दाराचा स्विच, बाहेरची लाल बटणं, भरलेली पॅलेट बाहेर पडते तिथला, माणूस आत शिरला की सर्किट तोडणारा किरणांचा पडदा, अशा सगळ्यांतून त्या फिरून येतात. कुठंही एक तार सुटली तरी रोबो जागच्या जागी थांबतो. खरोखर तुटलेली तार शोधणं सोपं असतं. ही मात्र मध्येच सुटायची आणि मध्येच जुळायची. मीटर लावावा तर सगळं ठीक दिसायचं.

मी सकाळी पोचले तेव्हा शिफ्टचे इनचार्ज साहेब पॅनेल उघडून उभे होते. पन्नाशीचे, हळू बोलणारे, माझ्यावर कधी आवाज न चढवणारे गृहस्थ.

"सारखा थांबतोय गं," ते म्हणाले. "बाहेर ट्रक लागलेत. बघ, दुपारच्या आत काही होतं का."

रोबोवर काम करणारे ऑपरेटर चिरनेरकडचे होते, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. मी त्यांना दादा म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे. ते दाराशी थांबले. रोबो फॉल्टमध्येच उभा होता. हवेच्या ओढीनं धरलेली एक गोण त्याच्या हाताला तशीच लटकत होती.

तार कुठं सुटते हे शोधायचं तर वीज चालू ठेवूनच मोजावं लागतं. म्हणून मी मेन स्विच बंद केला नाही. दार उघडलं, कुणाला ते चुकून लावता येऊ नये म्हणून कडीत माझं कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली. दार उघडं आहे तोवर रोबो मेलेला, हेच आम्हाला शिकवलेलं होतं. मी हाताखालून वाकून पलीकडे गेले. किरणांच्या पडद्याची केबल जमिनीलगत जायची, तिच्याशी उकिडवी बसले आणि ती बोटांनी इंचाइंचानं हलवून पाहायला लागले.

एका ठिकाणी केबल दाबली आणि मागून आवाज आला. खट्. मग बारीक गुणगुण.

तो आवाज मला झोपेतही ओळखता आला असता. रोबोच्या सांध्यांचे ब्रेक सुटले की खट् होतं, आणि मोटरींत वीज आली की ती गुणगुण सुरू होते. मी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. माझं कुलूप कडीत लोंबत होतं.

क्षणभर मला काही समजलं नाही. उघड्या दाराचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नव्हता. आता कुणी फक्त सुरू करायचं बटण दाबायची खोटी, की तो हात गोण घेऊन फिरणार, आणि तो फिरतो त्याच जागेत मी बसले होते. बाहेर पडायची वाट त्याच्याच खालून होती, आणि पॅलेट जाते तिकडची फटही त्याच्याच आवाक्यात.

मी हलले नाही. रोबो काही कुत्रा नव्हे, की आपण स्तब्ध राहिलो तर हुंगून निघून जाईल. हे मला कळत होतं, तरी अंग हलत नव्हतं. घरी नवीन पनवेलला मुलगी तापानं झोपली होती. तिला औषध देताना मी घाई केली होती आणि ती रडली होती. नेमकं तेच डोळ्यांसमोर आलं.

"दादा," मी म्हणाले. "मेन खाली करा. लाल बटण नको. मेन."

लाल बटणावर माझा विश्वास उरला नव्हता. दार जर त्याला थांबवत नसेल, तर आणखी काय काय थांबवत नाही, कोण जाणे. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रोबोकडे, आणि ते पळाले. पॅनेल पलीकडच्या बाजूला होतं, मध्ये रिकाम्या पॅलेटची थप्पी. ते थप्पीआड गेले आणि मला दिसेनासे झाले.

मेन गेला की हवेची ओढ जाणार आणि गोण सुटणार, हे त्यात मला आठवलं. मी पाठ जाळीला टेकवली आणि जाळी पाठीत रुतेपर्यंत मागे सरकले. ती गुणगुण चालूच होती. वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्या वेळात मी काय विचार केला ते मला आठवत नाही. गोणीच्या कोपऱ्यातून एकेक दाणा गळत होता, तेवढं मात्र आठवतं.

मग रोबोवरचे सगळे दिवे गेले आणि गोण धपकन खाली आली. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर फुटली. पांढरे दाणे चपलेत, सलवारीच्या घोळात, सगळीकडे.

दादा धावत दाराशी आले. "मॅडम, लागला तर नाय ना? या, आता बंद हाय."

ते आत आले आणि दंडाला धरून मला बाहेर घेऊन गेले. नंतर मला म्हणाले, "मी मेन खेचला तवा साहेबांचा हात हिरव्या बटनावर जात व्हता."

साहेब पॅनेलपाशी तसेच उभे होते. पॅनेलच्या दिव्यावरून फॉल्ट गेलेला दिसला, म्हणून त्यांनी रिसेट दाबलं होतं. थप्पीमुळे त्यांना मी दिसत नव्हते, काम करून बाहेर पडले असेन असं त्यांना वाटलं. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी पॅनेलमध्ये बोट दाखवलं. दाराच्या स्विचच्या टोकांना वायरचे दोन आखूड तुकडे जोडलेले होते. तेवढ्यानं दार कायमचं बंद आहे अशी रोबोची समजूत होत होती.

"या वायरी मीच घातल्या," ते म्हणाले. "पहाटे. दारात फॉल्ट आहे का बघायला. काढायच्या राहिल्या."

खरं सांगायचं तर मला राग येत नव्हता. भीतीनं दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती.

मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुऊन आले. फॉल्ट अजून तिथंच होता आणि केबल कुठं दाबली होती ते फक्त मला माहीत होतं. वायरचे ते तुकडे मी माझ्या हातानं काढले. मेनच्या दांड्याला माझं कुलूप लावलं, वर दादांना तिथंच उभं केलं, आणि परत आत गेले. वीज नाही हे माहीत असूनही त्या हाताखालून वाकताना मान आपोआप खांद्यांत गेली. रोज घासून जाणाऱ्या पॅलेटनं केबलचं वरचं आवरण फाटलं होतं, आत एक तार तुटून नुसती टेकलेली होती. मी बदलली. दुपारनंतर लाइन चालू झाली.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी मॅनेजरना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांना काही दिवस घरी बसवलं, नंतर स्टोअरमध्ये घेतलं. भेटले की ते माझ्या मुलीची तेवढी चौकशी करायचे.

घरी मी त्या दिवशी सांगितलंच नाही. पण स्वयंपाकघरात फ्रिज चालू होताना आधी खट् व्हायचं आणि मग गुणगुण. हातातली पोळी तव्यावर जळेपर्यंत मी तशीच उभी राहायची. चारपाच दिवसांनी नवऱ्यानं गॅस बंद केला आणि विचारलं, "काय झालंय?" मग सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "सोडतेस का नोकरी?"

"नाही," मी म्हणाले, आणि मग ओट्याशी टेकून खूप रडले.