स्पीकरची वायर

माझ्या मित्राचा ॲम्प्लिफायर त्याच्या चुकीनं जळला नव्हता. तो मी जाळला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आम्ही तिघं चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात कामाला होतो. तो गिटार वाजवायचा, मी बास आणि आमचा रोशनगेटचा दोस्त ड्रम. गणपतीत, कंपनीच्या स्नेहसंमेलनात लोक सिनेमातली गाणी मागत. ती वाजवून झाली की शेवटी आम्ही एखादं इंग्रजी रॉक गाणं घुसवायचो. पहिल्या रांगेतले साहेब कानांवर हात ठेवायचे. त्या एका गाण्यासाठीच बाकीची सगळी वाजवलेली असायची.

ॲम्प्लिफायर विलायती, जुना, व्हॉल्व्हचा. छावणीतला एक म्हातारा वादक शहर सोडताना माझ्या या मित्राला देऊन गेला होता. बटण दाबलं तरी लगेच आवाज नाही. आतल्या काचेच्या नळ्या लालसर होईपर्यंत थांबायचं. ड्रमवाला त्यावर चहाचा ग्लास ठेवून म्हणायचा, "मियाँ, तुम्हारी भट्टी में रोटी भी सिकती क्या?"

"ग्लास उचल, नायतर तुलाच शेकतो," हा म्हणायचा.

एक नियम मात्र त्यानं आमच्याकडून घोकून घेतला होता. आधी स्पीकरच्या पेटीची वायर, मग बटण. वायर नसताना नुसता चालू राहिला तरी आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो; जोरात वाजवलं, तर जळतोच.

त्याच्या वस्तीत वीज धड नसायची, म्हणून ॲम्प्लिफायर गारखेड्याला आमच्या घरी असे. बैठकीत, कपाटाशेजारी, आईनं विणलेल्या रुमालाखाली. त्याचा मालक व्हरांड्यात बसायचा. आत ये, असं त्याला कुणी म्हणत नसे. मीही नाही.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून शहरात शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. गावाकडच्या दंगलीत घर सोडून आलेले त्याचे मामा-मामी त्याच्याच खोलीत राहत होते. शनिवारी संध्याकाळी मी ॲम्प्लिफायर, विजेची वायर आतल्या प्लगलाच ठेवून, व्हरांड्यात आणून दिला. त्यानं तो तपासला आणि म्हणाला, "उद्या दुपारी वस्तीत सभा हाय. शाहिराच्या मागं आपण वाजवायचं. येतो ना तू?"

"येतो की."

"अन् तुझे वडील?"

"त्यांचं मी बघतो."

वडील रोज जेवताना नामांतराविरुद्ध बोलत आणि मी खाली मान घालून जेवत असे. मित्रांत मात्र मी नामांतराच्या बाजूचा. मला सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. पण मग मी कसला माणूस आहे, हे त्याला कळलं असतं. ॲम्प्लिफायरच बंद पडला, तर कुणालाच काही कळणार नव्हतं.

रविवारी सकाळी घरचे देवळात गेले. मी स्पीकरची वायर न लावताच बटण दाबलं, नळ्या तापू दिल्या, आवाज पूर्ण वाढवला आणि बासच्या तारा ओढत राहिलो. स्पीकर मुका. पण यंत्राच्या आतून बारीक सूर येत होता, शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसा. मग जळका वास सुटला. तो सूर थांबला, तेव्हा मी खिडक्या उघडल्या.

दुपारी सभेत त्यानं सगळं जोडलं. नळ्या लाल झाल्या, आवाज आला नाही. त्यानं वाकून वास घेतला आणि माझ्याकडे वळला.

"काल आत द्यायच्या आधी स्पीकरची वायर काढली मी. बटण बंद केलं होतं का रे मी?"

"सकाळी चालूच होतं," मी म्हणालो. "मी बंद केलं."

पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "ठेव की ती पेटी बाजूला! ढोलकी हाय ना आपली!" लोक हसले, तोही हसला. सभा काही अडली नाही. शाहीर ढोलकीवर गायला. मला तो हळूच म्हणाला, "तुला उगाच आणलं गड्या. घरी बोलणी खाशील."

शहागंजात विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्याकडून त्यानं तो ट्रान्सफॉर्मर भरून घेतला. आवाज घरघरतच राहिला. "ज्याला एक बटण सांभाळता येत नाय, त्यानं काय वाजवायचं?" असं म्हणून त्यानं गिटारही सोडली. ड्रमवाला पुढं आखातात गेला. नामांतर झालं त्या दिवशी हा पेढे घेऊन आला, पहिल्यांदा बैठकीत बसला. तेव्हाही मी बोललो नाही.

आता त्याची मुलगी गिटार वाजवते. गेल्या हिवाळ्यात तिच्या कॉलेजात कार्यक्रम होता. तिनं सहज सांगितलं, "बाबा, ती वायर लावा ना."

त्यानं हात मागं घेतले. "मी नको. माझ्या हातानं जळतं."

"बाबांचं नेहमीचंच," ती हसली. "काका, तुम्ही लावा."

मी लावली. तिनं छान वाजवलं. तो शेवटच्या रांगेत उभा राहून ऐकत होता, हात तसेच पाठीमागं धरून.

त्याला खरं काय ते सांगणं माझ्याकडे बाकी आहे. मुलीच्या देखतच सांगायला हवं, कारण तीही त्याला वेंधळा समजते. हे लिहिण्याच्या आधीच ते व्हायला हवं होतं. अजून झालेलं नाही.