देव्हाऱ्याची उजवी झडप

माझ्या आयुष्यातल्या बऱ्याचशा चुका मी आधी मोठ्या आवाजात जाहीर केल्या आणि मग केल्या. हीदेखील त्यातलीच. फरक इतकाच की बाकीच्या चुका सांगताना लोक हसतात, मीही हसतो. ही सांगताना अर्ध्यापर्यंत जमतं.

चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक सोनगीरला झाली. शाळा सुटल्यावर करायला काही नसायचं, म्हणून एका सुताराच्या दुकानात जाऊन बसू लागलो. गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणू लागलो. नाना लाकडात जाळी कापायचे. कापायचं यंत्र त्यांनी स्वतःच जुळवलेलं, खाली जुन्या शिलाई मशीनचं पायडल आणि वर सुताएवढं बारीक पातं. पाय चालवायचा आणि लाकूड हाताने पात्याभोवती फिरवायचं. वेल, पोपट, केळफूल, काय हवं ते त्या फळीतून उमलायचं. मी त्यांच्याकडेच शिकलो. बदली होऊन जळगावला आलो, निवृत्त झालो, तरी सुट्टीचा मुक्काम त्यांच्या ओट्यावर असायचाच.

निवृत्तीनंतर मी ठरवलं की आता जाळीकाम मन लावून करायचं. मन लावून करायचं म्हणजे आधी मशीन आणायचं, ही माझी समजूत. परदेशी स्क्रोल सॉचे, म्हणजे जाळी कापायच्या विजेच्या करवतीचे, व्हिडिओ बघून बघून माझी झोप उडाली होती. त्या मशीनवर म्हणे नाणं उभं करून ठेवलं तरी पडत नाही, इतकी कमी थरथर. वीस वर्षं हात लावावा लागत नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे मी नंबर लावला आणि मशीन यायच्या आधीच सगळ्या जळगावला सांगून मोकळा झालो.

त्याच सुमारास नानांनी काम थांबवलं. काचबिंदूने एक डोळा गेला होता, दुसऱ्याची नजर चहूबाजूंनी आवळत चालली होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते किती टिकेल तेही सांगता येत नाही. नानांचं एकच काम अर्धं राहिलं होतं, तेही घरचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे देव्हारे करून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरासाठी सागवानी देव्हारा करायला घेतला होता. डाव्या झडपेची जाळी कापून झाली होती. उजवीची कोरी फळी आणि खाकी कागदावरचा नमुना तसाच पडला होता.

आमच्याकडे खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. सुरत, नाशिक, कुठेकुठे पांगलेले भाऊबंद त्या रविवारी मूळ घरी येतात. त्या दिवशी सगळ्यांसमोर देव्हाऱ्याला दोन्ही झडपा लागलेल्या असाव्यात आणि आपण त्या बघाव्यात, एवढीच नानांची इच्छा होती. मुलाला त्यांनी फळी दिली नाही. मला दिली.

सोबत पायाचं मशीनही देत होते. म्हणाले, घेऊन जा, तुला सवय आहे. मी मोठ्या दिमाखात नको म्हटलं. माझं मशीन महिन्याभरात येणार होतं. वर नानांच्या मुलाला सांगितलं, हे भंगारात घाल, बिडाचं आहे, वजन चांगलं भरेल. विनोद केला होता मी. मुलगा हसला. मीही हसलो. नाना हसले की नाही ते मी पाहिलं नाही.

महिना झाला. व्यापाऱ्याने सांगितलं, माल कमी आहे, कारखानाच थोडी मशीनं बनवतो आणि जगभरातून मागणी आहे. मला ते ऐकून चक्क अभिमान वाटला. जी गोष्ट कोणालाच मिळत नाही ती मला मिळत नव्हती. पुढच्या महिन्यात माझ्यापुढे अकरा जण होते. मग कंटेनर बंदरात अडकला. मग कंटेनर सुटला, पण त्यात माझं मशीन नव्हतं. जळगावात हत्यारांच्या दुकानात एक साधं मशीन होतं, दुकानदार चालवून दाखवत होता. मी त्याला खेळणं म्हणालो. इतक्या लोकांना सांगून झाल्यावर ते खेळणं घरी नेणार कसं?

त्या वर्षीची कानबाई एका झडपेवर गेली. फोनवर नाना एवढंच म्हणाले, "घाई करू नको. पुढला साल शेच ना."

पुढल्या साली त्यांना किती दिसणार आहे, हे मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

मशीन शेवटी उन्हाळ्यात आलं. खोटं कशाला बोलू, देखणं होतं. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, शेजारच्यांना बोलावून नाणं उभं करून दाखवलं. नाणं खरंच पडलं नाही. नानांच्या फळीला हात लावण्याआधी हात बसावा म्हणून मी आठवडाभर नातेवाइकांच्या नावांच्या पाट्या कापल्या. कोणीही मागितल्या नव्हत्या.

जाळीत प्रत्येक पोकळीसाठी पातं सोडायचं, भोकातून ओवायचं आणि पुन्हा आवळायचं असतं. त्यासाठी वर एक चिमटा आणि बोटाने फिरवायचा स्क्रू असतो. तो बोटानेच आवळायचा, पाना लावायचा नाही, असं सोबतच्या पुस्तकात चार भाषांत लिहिलं होतं. पुस्तक मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढलं नव्हतं. माझा बोटांवर विश्वास नव्हता. मी पाना लावला. नवव्या पाटीला चिमटा तडकला.

लोकांना मी सांगितलं की असल्या नावाजलेल्या मशीनांचा काही भरवसा नाही, नुसतं नाव. वर्षभर ज्याचे गोडवे गायले त्याला महिनाभर शिव्या घातल्या. दोन्ही वेळा आवाज तितकाच मोठा. व्यापारी म्हणाला, सुटा भाग बाहेरून येईल, तीन-चार महिने धरा. धुळ्याच्या एका लेथवाल्याकडून तसाच चिमटा बनवून घेतला, तर पातं दर दोन मिनिटांनी निसटायचं. आषाढ लागला होता. मग पायाचं मशीन आठवलं. नानांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ते तर काका, तुम्हीच सांगितलं होतं ना. दिवाळीतच देऊन टाकलं."

जळगावच्या दुकानात गेलो, तर ते खेळणंही विकलं गेलं होतं. आणि त्याच काळात नानांचा फोन आला. "यंदा व्हई का रे?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "होणार म्हणजे काय, नाना? अर्धी झाली."

एमआयडीसीत कॉम्प्युटरवर चालणारं, लाकूड कापायचं राउटर यंत्र आहे. मी फळी आणि कागद घेऊन तिथे गेलो. तिथल्या माणसाने नमुन्याचा फोटो काढला, फळी टेबलावर आवळली आणि माझा चहा संपायच्या आत काम झालं. घरी आणून मी झडपेवर मुद्दाम पेन्सिलच्या रेघा ओढल्या आणि अर्धवट पुसल्या, हाताचं काम वाटावं म्हणून. फटींत थोडा भुसाही भरला. चित्रकला शिकवून मिळवलेलं सगळं कौशल्य मी त्या दिवशी वापरलं.

कानबाईच्या रविवारी दुपारी सोनगीरला पोहोचलो. घर नुकतंच रंगवलेलं. भाऊबंदांनी भरलेलं. आत बायका नारळाला नथ घालून कानबाई सजवत होत्या. नाना ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहून हाक मारली, तेव्हा कुठे त्यांची मान माझ्या आवाजाकडे वळली. वर्षभरात दुसरा डोळाही जवळजवळ गेला होता. दार कुठे आणि भिंत कुठे, एवढाच उजेड उरला होता. फोनवर त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

मी झडप त्यांच्या मांडीवर ठेवली. सुरतेचा पुतण्या म्हणाला, वा, एकदम जोडी झाली. आणखी दोघांनी मान डोलावली. नानांनी तर्जनी एका पोकळीत घातली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पानांची टोकं चाचपत होते. राउटरचं पातं गोल फिरतं, त्याला आतला अणकुचीदार कोपरा कापता येत नाही. नानांच्या वेलीवरची पानं माझ्या झडपेवर चमचे झाली होती. जळगावात मला ते दिसलं होतं. म्हटलं होतं, यांना आता कुठे एवढं बारीक दिसणार.

"मास्तर, हाई तू कापं का?"

मी पुतण्याकडे पाहिलं.

"कोपरा गोल शेतस. पातं गोल कोपरा करस नही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माले दिखस नही, पन हात शेतस ना."

पुतण्या आत निघून गेला. मी मग सगळं सांगितलं. नंबर, कंटेनर, पाना, चिमटा, चहा. पेन्सिलच्या रेघांचंही सांगितलं. एरवी मी ही गोष्ट रंगवून सांगितली असती. त्या दिवशी ती दोन मिनिटांत संपली.

नानांनी कोनाड्याकडे हात केला. तिथे त्रिकोणी कानस होती. त्यांनी ती घेतली, एका पानाचं टोक शोधलं आणि घासायला लागले. टोकाशी आल्यावर हात बरोबर थांबायचा. एक पान पूर्ण केलं, मला बोट लावून पाहायला सांगितलं आणि कानस माझ्या हातात दिली.

आत प्रसादाचे रोट वाढले जात होते. कानबाईचा रोट भाऊबंदांखेरीज कोणी खायचा नसतो, त्यामुळे मला उठायचं काही कारण नव्हतं. नानांनी उठायला हवं होतं. त्यांना दोनदा बोलावणं आलं, ते "येस, येस" म्हणत बसून राहिले. मी घासत होतो. साठेक टोकं असतील. एक माझ्या हातून मोडलं. मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि पुढचं पान बोटाने दाखवलं.

ऊन कलायच्या सुमाराला मुलाने बिजागऱ्या ठोकून झडप बसवली. सगळे जमले. जो तो म्हणाला, नाना, दोन्ही अगदी सारख्या. गर्दी कानबाईपुढे गाणी म्हणायला सरकली, तशी नानांनी माझी बाही धरली.

"बठ्ठा सांगतस, सारखाच शेतस. तू सांग. कितला फरक शे?"

त्यांचं ते एक काम माझ्याकडे वर्षाहून जास्त होतं. पहिल्या वर्षी मी जळगावच्या दुकानातलं ते साधं मशीन आणलं असतं, तर हा प्रश्न त्यांना विचारावाच लागला नसता.

"बराच आहे, नाना," मी म्हणालो. "तुमची वेल चढते. माझी नुसती चिकटवल्यासारखी दिसते."

"कोठे?"

मी त्यांचं बोट धरलं आणि खालच्या पानापासून सुरुवात केली. आतून तिसऱ्यांदा हाक आली. या वेळी त्यांनी उत्तरच दिलं नाही.