एक्सलवरची रेघ

नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेला दोन वर्षं होत होती. त्या दसऱ्याला आमच्या वस्तीतली पस्तीस माणसं नागपूरच्या मैदानावर जाणार होती, आणि तीही माझ्या धाकट्या भावाच्या ट्रकमधून! मी तेव्हा कळंबच्या शाळेत शिकवत होते. बायकांनी पांढरी लुगडी नीळ घालून वाळवून ठेवली होती. कोण कुठं बसणार यावरून भांडणं होऊन मिटलीसुद्धा होती.

ट्रक लष्कराच्या लिलावातला, जुनाच. भाऊ आणि त्याचे दोन दोस्त त्यातून कापूस, लाकूड वाहायचे. निघायला चार दिवस उरले असताना भाऊ गाडी घेऊन आला तो चेहरा पाडूनच. गिअर टाकला की मागून 'टक्' असा आवाज यायचा, मग गाडी हलायची.

बाजाराशेजारी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं टिनाचं शेड होतं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. भाऊ आणि मी गाडी तिकडंच नेली. चाचांनी मागच्या चाकाचे बोल्ट काढले आणि आतून दोन हात लांबीचा जाड लोखंडी दांडा ओढून बाहेर काढला. हाच एक्सल, इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा. त्याच्या आतल्या टोकाला दाते असतात. ते झिजून चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत झाले होते.

"यवतमाळले नेतो," भाऊ म्हणाला. "दात्यायवर वेल्डिंग मारून घेतो, कानशीनं घासून घेतो. एका दिवसाचं काम. उद्या संध्याकाळी गाडी तयार."

"हो जाएगा," चाचा म्हणाले. "पण हा दांडाच बदलला तर बरं. नागपूरच्या भंगार बाजारात मिळंल."

"आन नाई मिळाला तं? लोकायले काय सांगू मी?"

चाचांनी एक्सल पुसला, रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी त्याच्यावर गुंडाळली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "बेटी, खडू आहे का?"

मास्तरणीच्या पिशवीत खडू नसेल तर काय असेल! मी दोन खडू दिले. तासाभरानं त्यांनी चिंधी सोडली, दांडा कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसला आणि खडूची पूड करून त्याच्यावर चोळली. दांडा पांढराशुभ्र झाला. "आता पाहा फक्त," ते म्हणाले. "लोखंडाला चीर असंल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येते."

आम्ही तिघं उकिडवे बसून त्या पांढऱ्या दांड्याकडं टक लावून राहिलो. आधी काहीच नव्हतं. भाऊ हसलासुद्धा. आणि मग दात्यांच्या खाली चार बोटांवर, केसासारखी एक ओली रेघ उमटली. बघता बघता ती दांड्याला अर्धा वळसा घालून गेली.

"दाते भरता येतील," चाचा हळूच म्हणाले. "ही चीर नाही भरता येत. नदीपलीकडच्या चढावर हा तुटला, तर गाडी उलटी मागं येईल. हँडब्रेक याच दांड्यातून चाक धरतो, तोही जाईल. भरल्या गाडीला नुसता पायाचा ब्रेक पुरायचा नाही."

सकाळी भाऊ आणि मी थांब्यावर उभे होतो, झिजलेला एक्सल पोत्यात गुंडाळून. आधी यवतमाळची मोटार आली. भावानं पोतं उचललं, पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"ताई, गाडीत कापूस भरायचा असता तं गेलो असतो."

"मंग उतर खाली," मी म्हटलं. "मी येते नागपूरला. सुट्टीच आहे मले."

भंगार बाजार मी पहिल्यांदाच पाहत होते. लष्करी गाड्यांचे सांगाडे, चाकांचे डोंगर, काळ्या तेलाचा वास! मला तर जत्रेत आल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दुकानात आमच्या मापाचा एक्सल मिळाला. दाते मी स्वतः मोजले, एकही कमी नाही. वर काळा रंग, चकचकीत. भाऊ आनंदानं ओरडलाच.

"रॉकेल आहे का?" मी दुकानदाराला विचारलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. लुगड्यातली बाई त्याच्या दुकानात एक्सल घासून रॉकेल लावते, पुसते, खडू चोळते! आजूबाजूचे हमाल गोळा झाले. अर्ध्या-पाऊण तासात तिथंही रेघ उमटली, आमच्या रेघेपेक्षा लांब.

"तुम्ही काहून शोभा करून राह्यल्या बाई?" दुकानदार चिडला. पण जमलेल्यातलाच एक हमाल पुढं आला. "मागच्या वाड्यात एक गाडी पडली आहे. चला, दाखवतो."

ती गाडी अगदी आमच्याच जातीची निघाली. तिचा एक्सल गंजलेला, दिसायला भिकार. पुन्हा दाते मोजले, पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. हमालांची आता पैज लागली होती. आम्ही चहा प्यालो, वर आणखी एक कप प्यालो. खडू कोरडा तो कोरडाच!

"साफ आहे!" भाऊ म्हणाला, आणि सगळ्यांसमोर त्यानं माझे दोन्ही हात धरून मला गरगर फिरवलं. मी बत्तीस वर्षांची होते, शाळेत मुलं मला चळचळा कापायची.

त्या रात्री आम्ही मावशीकडं उतरलो. दुसऱ्या दिवशी मोटारीचा कंडक्टर ते लोखंड टपावर घेईना, म्हणून कळंबपर्यंत आमच्या दोघांच्या मांडीवर ते आडवं होतं. दुपारी चाचांनी एक्सल आत सरकवला. तो थोडा अडला, मग 'खट्' करून बसला. भावानं गिअर टाकला. गाडी मुकाट्यानं पुढं गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. पस्तीसची त्रेचाळीस माणसं झाली होती. गाणी म्हणता म्हणता नदी ओलांडली आणि चढ लागला, तशी मी गप्प झाले. त्या चिरेची गोष्ट फक्त भावाला, चाचांना आणि मलाच ठाऊक होती. इंजिन गुरगुरत होतं, फळीला धरलेली माझी बोटं पांढरी पडली होती. मग समोर एकदम सपाट रस्ता दिसला.

"जयभीम!" मी इतक्या जोरानं ओरडले, की शेजारच्या म्हातारीनं घाबरून विचारलं, "आलं काय वं नागपूर?"

"नाई आजी, अजून लई दूर आहे," मी म्हटलं, आणि हसू काही केल्या आवरेना.