लांब जाऊ नका

भालेराव काका गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. ती मीच कळवली, आयसीयूच्या दारातून फोन करून, काकूंना. त्या ऑटोत होत्या, झोटवाड्याला घरापाशी पोचतच होत्या. "भैया, वापस घुमा लो," एवढंच मला फोनवर ऐकू आलं. महिना उलटून गेला, पण तो आवाज काही कानातून जात नाही...

काका मूळचे भुसावळचे, जयपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीवरून निवृत्त झाले आणि तिथंच राहिले. मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. वॉर्डात काम करून मला कंटाळा आला होता. एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूसाठी नर्स हव्या होत्या. अर्ज तर केला, पण इंटरव्ह्यूची भीती वाटायची. काका म्हणाले, "हात्तिच्या! मी घेतो की तुझा इंटरव्ह्यू." मग रोज संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले की अंगणात टेबल मांडलेलं असायचं आणि पलीकडे काका, चक्क इस्त्रीचा शर्ट घालून. "आइए सिस्टर, बैठिए!" मी हसले की मार्क कापायचे. मग माझ्याच वहीतले प्रश्न विचारायचे. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला तर काय करशील? मी म्हणायची, "आधी पेशंटकडे बघणार, मग मशीनकडे." त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण मी अडखळले की लगेच पकडायचे.

एक प्रश्न मात्र त्यांचा स्वतःचा होता. पेशंट वाचणार नाही असं तुला दिसतंय, बाहेर त्याची बायको उभी आहे, तिला काय सांगशील? बायकोचं काम काकूंकडे. त्या शेजारी मटार सोलत बसलेल्या असायच्या. मी त्यांच्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "घाबरू नका, सगळं ठीक होईल." काकांनी टेबलावर हात आपटला. "फेल! अगं, खिडकीवर आयुष्यभर मी हेच केलं. गाडी येत नाही हे माहीत असायचं आणि मी म्हणायचो, थोडी देर में आएगी. माणसं बिचारी फलाटावर ताटकळायची. का, तर मला त्यांचं तोंड बघवायचं नाही म्हणून!" मग उत्तर त्यांनीच बसवून घेतलं. डॉक्टरांना बोलावते म्हणायचं, आणि स्पष्ट सांगायचं, तुम्ही आता लांब जाऊ नका. काकू म्हणाल्या, "मी कुठं जातेय? अजून अर्धी टोपली मटार आहेत." काय हसलो होतो आम्ही! खऱ्या इंटरव्ह्यूत नेमका तोच प्रश्न आला. मी तेच उत्तर दिलं आणि नोकरी लागली. पेढ्यांचा पहिला मान काकांचा.

त्याच युनिटमध्ये काका आले, न्यूमोनिया होऊन. त्या सकाळी औषधं वाढवत होतो तरी प्रेशर उतरतच होतं. मला दिसत होतं हो, सगळं दिसत होतं. बाहेर आले तर काकू उभ्या. "घरी जाऊन आंघोळ करून येऊ का गं? देवापुढं दिवा लावते." आणि मी, काकांची पास झालेली विद्यार्थिनी, म्हणाले, "जा काकू. सगळं ठीक होईल." मला त्यांचं तोंड बघवलं नाही. बस, एवढंच कारण. काका गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. ती जागा माझी नव्हती.

परवा धीर करून खाली गेले. अंगणात टेबल तसंच होतं, पलीकडे काकांची खुर्ची. मी म्हटलं, "काकू, मला तेव्हा माहीत होतं."

"मलाही," त्या म्हणाल्या. "तू 'ठीक होईल' म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. त्या उत्तराला ह्यांनी तुला फेल केलं होतं, मी समोरच तर बसले होते."

"मग गेलात कशाला?"

"तू जा म्हणालीस. मला वाटलं, आता तिथं बायकोचं काही काम नसेल... तुला जास्त कळतं ना."

मला हुंदका आवरेना. काकूंनी पाठीवरून हात फिरवला आणि उठून आत निघाल्या. माझ्या तोंडून एकदम निघालं, "काकू, लांब जाऊ नका."

"अगं, चहा ठेवतेय," आतून आवाज आला. "आलेच."