मढ्यावरचं लुगडं

इंग्रजीच्या सरांनी मला फळ्यापुढं उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, हिच्या अंगावर काय आहे ते इंग्रजीत सांगा.

पुसदची शाळा. आम्ही बौद्ध होऊन अजून फार दिवस झाले नव्हते. फळ्यावर सरांनी इंग्रजीतले काळ लिहिले होते: रोज घालते ते वेगळं, आत्ता घातलं आहे ते वेगळं, तेव्हा घातलं होतं ते वेगळं. माझ्या अंगावर हिरवा परकर होता, लाल काठाचा. पहिल्यांदाच धड कापड मिळालं होतं. सकाळपासून मी हरखले होते.

आमच्याच गावच्या पाटलाची नात उठली. काठाकडं बघत राहिली. मग इंग्रजी सोडून मराठीतच बोलली, "सर, हे माह्या आजीचं लुगडं हाय. मेली तवा तिच्या अंगावर होतं."

वर्ग हसला. ती खोटं बोलली नव्हती. गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या लोकांनी उचलायचं, ही रीत. धर्म बदलला तेव्हा माझ्या बाबांनी ती सोडली, घरातलं तसलं सगळं जाळायला सांगितलं. मायनं हे एक लुगडं पेटीत दडवलं आणि त्याचाच मला परकर शिवला. मला यातलं काही माहीत नव्हतं.

सरांनी खडू उचलला. "आजी गेली, तिच्यासाठी भूतकाळ. आणि हिच्यासाठी? शी वेअर्स. रीत सांगायची तर साधा वर्तमानकाळ. मेलेल्यांचं घालणं ही यांची रीतच आहे."

ते वाक्य त्यांनी इंग्रजीत फळ्यावर पुरं लिहिलं आणि वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेतलं. मी तिथंच उभी. परकर अंगाला डसत होता. फेकावा तर आत काही नव्हतं.

घरी आल्याबरोबर जुना फ्रॉक चढवला आणि परकर चुलीत घातला. मायनं हातानं ओढून काढला. बोटं पोळली तिची. अर्धा जळका परकर धरून ती रडली. म्हणाली, "कापडाले काय ठावं कोण मेलं? आता काय घालून जाशीन? शाळा सुटली त पाटलाच्याच वावरात निंदाले जा लागन तुले, माह्यासारखं."

तिचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. बाबा दारात बसले होते. द्यायला त्यांच्याजवळ दुसरं कापड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रॉकमध्येच गेले. गुडघ्यांच्या वर आलेला, पाठीवर उसवलेला. रस्ताभर पाठीशी दप्तर धरून चालले, जीव मुठीत घेऊन. सरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय गं, रीत मोडली?"

"मोडली, सर. मढ्यावरचं पुन्हा अंगाला लावणार नाही."

असल्या अवतारात वर्गात बसता येत नाही म्हणाले. बाहेर काढलं. मी घरी गेले नाही. उन्हात, दाराशी उभी राहिले. तिथून फळा दिसत होता. कालचं वाक्य तसंच होतं, कुणी पुसलं नव्हतं. आत नवा धडा सुरू झाला, तो मी बाहेरून ओठांत म्हणू लागले. उद्या याच फ्रॉकमध्ये येईन, परवाही येईन. उभं ठेवतील तर उभ्यानं शिकेन. यांच्या मढ्यांनी आपली लुगडी आपल्याबरोबर न्यावीत.