मालकांनी आणलेल्या साड्या

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण स्वतःसाठी साडी घ्यायला म्हणून मी दुकानाची पायरी कधी चढले नव्हते. मालक फौजेत होते. सुट्टीवर येताना दर वेळी त्यांच्या ट्रंकेत माझ्यासाठी एक साडी असायचीच. आता रिटायर होऊन ऊस बघतात, तरी पंचमीला आणि दिवाळीला साडी तेच आणतात. आळीतल्या बाया म्हणतात, "नशीब काढलंस बाई!" मीही मान डोलवायचे.

गेल्या दिवाळीत पुण्याला शिकणारी लेक घरी आली होती. दुपारची जेवणं झाल्यावर तिनं टीव्हीवर एक जुना, काळा-पांढरा परदेशी सिनेमा लावला. "जगभर गाजलाय आई, बघ तरी," म्हणाली, आणि बोलणं समजावून सांगत बसली. त्यात एक श्रीमंत माणूस एका बाईला घरी आणून ठेवतो. मारत नाही, ओरडत नाही. फक्त तिचे कपडे तो निवडतो, केस कसे बांधायचे ते सांगतो आणि खुर्चीत बसून म्हणतो, आता चालून दाखव. ती चालते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात शेजारी शेंगा सोलत बसलेले मालक म्हणाले, "लय जीव हाय गड्याचा तिच्यावर." लेक फसकन हसली. मला काही हसू आलं नाही.

मेला सिनेमा! डोक्यात किडाच सोडून गेला. लेक परत गेल्यावर मी कपाट उघडून बसले. हिरव्या, मोरपंखी, गर्द निळ्या. एक पिवळी नाही, एक गुलाबी नाही. आणि नवी साडी नेसले की मालक अंगणात खुर्ची टाकून म्हणायचे, "जरा वळ बघू." मी लाजत वळायचे. ते प्रेमच होतं ना? का आणखी काही? या माणसानं जन्मात कधी माझ्यावर हात उगारला नाही, आणि मी चहा देतानाही त्यांच्याकडे चोरून बघायला लागले.

"काय गं, काय झालंय?"

"कुठं काय? काय न्हाई."

शेवटी म्हटलं, सोक्षमोक्षच लावू. संक्रांतीला एक साडी आपली आपण आणायची. चिडले, तर काय ते कळेलच. कुणाला न सांगता एसटीनं इस्लामपूरला गेले. दुकानदारानं पुढ्यात ढीग टाकला. मला घाम फुटला, पण दोन तास घोळ घालून एक उचलली आणि ऐटीत घरी आले.

मालकांनी घडी मोडली, पदर हातावर घेऊन बघितला. मी कंबर कसून उभी. एक शब्द बोलले असते तर मीही सोडणार नव्हते. पण ते चिडले नाहीत. तोंडभर हसले.

"ब्येस! मी असतो तर हीच उचलली असती बघ."

तेव्हा कुठं मी साडीकडे नीट पाहिलं. मोरपंखी, बारीक काठाची. कपाटात तसल्या तीन होत्या. असा राग आला म्हणून सांगू, पण तो कुणावर काढावा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी साडी बदलायला परत दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. "बदलू की वैनी, त्यात काय! सांगा, तुमच्या आवडीचा रंग कुठला?"

मागं दोन बाया ताटकळल्या होत्या.

"सांगा की वैनी," तो पुन्हा म्हणाला.

मी पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिले. मला खरंच माहीत नव्हतं.