पदराखालचं ‘नको’

“बाई, यांना अफेजिया झालाय,” डॉक्टर म्हणाले. मी पदर सावरून तशीच उभी. असलं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाकावर बसवून समजावलं. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली, त्याला स्ट्रोक म्हणतात. त्यानं उजवा हात आणि पाय लुळे पडले. डोक्यात बोलण्याची जी जागा असते, तिलाही मार बसला, तो अफेजिया. जीभ धड, कान धड, पण हवा तो शब्द सापडत नाही. “त्यांना वेडं समजू नका. बरंच कळतंय त्यांना,” ते म्हणाले. मी मान हलवली, पण खरं सांगते, त्यातलं निम्मंसुद्धा तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आमचे हे शाहूपुरीत गुळाचे व्यापारी. सौद्याच्या गर्दीत उभे होते, तिथंच कोसळले. बोलायला लागले की पलीकडच्या पेढीत ऐकू जायचं, असा माणूस. दवाखान्यात काही दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला, “व्हय.” मला वाटलं, देव पावला! वॉर्डातल्या सगळ्यांच्या हातावर मी साखर ठेवली.

पण मागून दुसरा शब्द आलाच नाही. दुखतंय का? व्हय. दुखत नाही ना? व्हय. दूध देऊ? व्हय. आणि दूध तोंडाशी नेलं की मान फिरवायचे.

भेटायला येणारे त्यांच्या कानाशी ओरडायचे, बहिऱ्याशी बोलल्यागत. मग माझ्याकडं वळून विचारायचे, “जेवतोय का ह्यो?” अहो, ते समोर बसलेत की! त्यांना विचारा! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण घरच्या सुनेनं आल्यागेल्याला तोंड करायचं नसतं, म्हणून ओठ चावून बसायची.

घरी आणल्यावर त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली. पुढं सोप्यात पावणे-रावळे येतात, तिथं असं माणूस कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. कारभार थोरल्या दिरांकडं गेला. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. माणूस प्रेमळ, पण ठरवलं की ठरवलं. त्यांनी आमच्या सुमनसाठी मुरगूडचं स्थळ आणलं. सुमन तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होती.

बापाला विचारल्याशिवाय सुपारी फोडायची नाही, एवढी रीत अण्णांनी पाळली. खाटेशी बसून मोठ्यानं म्हणाले, “मुरगूडचं पक्कं करू न्हवं?”

“व्हय,” हे म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“बघा, आनंदानं रडतोय,” अण्णा म्हणाले. मी दाराआड उभी होते. माझा नवरा आनंदानं कसा रडतो ते मला ठाऊक होतं. पण ते ‘व्हय’ घरातल्या सगळ्यांनी ऐकलेलं. माझं कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज भरवत होते. माश्या फार झाल्या होत्या, म्हणून त्यांच्या डाव्या हातावर माझा पदर टाकला. “अजून घ्या की दोन घास.” “व्हय,” तोंड म्हणालं. आणि पदराखाली त्या हातानं माझी बोटं धरली, एकेक करून मिटवली, आणि मूठ माझ्याकडं ढकलली.

मी वाटी खाली ठेवली.

आमच्याकडं गुळाचा भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. पटलं तर तळहात घट्ट दाबायचा. नको असलं तर समोरच्याची बोटं मिटवून त्याची मूठ त्यालाच परत करायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी जोतिबाला गेलतो, तेव्हा पेढ्याच्या दुकानापुढं यांनीच थट्टेत माझ्या पदराखाली हात घालून हे शिकवलं होतं. लाजेनं मेले होते मी तेव्हा!

मी बोटं पुन्हा त्यांच्या हातात दिली. विचारलं, “मुरगूडचं स्थळ?”

“व्हय,” तोंड म्हणालं. मूठ परत आली.

“मुलगा पसंत नाही?” हात नुसताच राहिला. डॉक्टर म्हणाले होते, विचारा आणि थांबा, घाई करू नका. मी थांबले. मग विचारलं, “सुमनची शाळा पुरी व्हायची हाय?” त्यांनी माझा तळहात असा दाबला की बांगडी रुतली. आम्ही दोघंही रडलो. इतके दिवस हा माणूस आत एकटा कोंडला होता, आणि आम्ही बाहेर त्याच्या वतीनं बोलत होतो.

सुपारीच्या दिवशी मुरगूडची मंडळी यायच्या आधी मी यांना धरून, ओढत म्हणा, सोप्यात आणून बसवलं. अण्णा खवळले. “ह्ये काय चाललंय? पावणं काय म्हणतील?” थोरल्या दिरापुढं मी कधी तोंड वर केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. “अण्णा, उपरणं टाका आणि हात द्या. सौदा करतात तसं विचारा.”

सुनेचं डोकं फिरलं म्हणून ते हसले, पण हात घातला. विचारलं. तोंड म्हणालं, “व्हय.” अण्णांचं हसू मावळलं. पुन्हा विचारलं, पुन्हा. मग उपरण्याखालून त्यांचा हात बाहेर आला तो मिटलेलाच.

“आरं, ह्यो तर सगळा शाबूत हाय की!” म्हणाले, आणि धाकट्या भावाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. मुरगूडच्या मंडळींना त्यांनीच हात जोडून नाही सांगितलं. खाट त्याच दिवशी पुढं आली.

सुमन मॅट्रिक झाली. हे ‘व्हय’च्या पुढं कधीच गेले नाहीत. पण घरातलं पोरसुद्धा त्यांच्याशी बोलायचं तर आधी पंचा आणून हातावर टाकायचं.

पुढं दुसरा स्ट्रोक आला. डॉक्टर म्हणाले, मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पण आशा थोडी आहे. सगळे म्हणाले, न्यायचंच. अण्णा म्हणाले, “थांबा. त्याला इचारू.” उपरण्याखाली मिरजेला नकार आला. घरी म्हटल्यावर तळहात दाबला, अगदी हलका.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याच्या तोंडाकडं बघून निकाल लावू नका. त्याचं जे काही हलत असेल, बोट, पापणी, तिथं जाऊन विचारा. आणि मग जे उत्तर येईल ते सोसायची तयारी ठेवा. ते जड जातं.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांच्या हातावर मी पदर टाकला. सगळे होते भोवती, मला कुणाची लाज वाटली नाही. मी विचारलं, “राहता न्हवं माझ्यासाठी?”

ओठ हलले, आवाज आला नाही. मी थांबले. मग त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली, आणि मूठ मला परत दिली.

अख्ख्या घराला मी त्यांचं ‘नको’ ऐकायला लावलं होतं. मलाही ऐकावं लागलं.